झुराबच्या अंगणातलं जेवण

"प्रानो! प्रानो!" असं ओरडत एक जाडजूड बाई दुकानातून धावत बाहेर आली आणि भर चौकात तिनं माझ्या भावाला मिठी मारली.

तिच्या दुकानाच्या दाराला द्राक्षांच्या रसात बुडवून वाळवलेल्या अक्रोडांच्या माळा टांगलेल्या होत्या. लांबून मला त्या मेणबत्त्याच वाटल्या. बाईनं त्यातली एक माळ तोडून आईच्या हातात दिली, दुसरी माझ्या. आप्पांच्या दोन्ही गालांवर हात ठेवून काहीतरी बोलली. बार्शीत कुठल्या बाईनं असं केलं असतं तर आप्पा घरी येऊन आंघोळ करून बसले असते. इथे मात्र ते लाजून हसले.

"पेशंट आहे का रे तुझी?" त्यांनी प्रणीतला विचारलं.

प्रणीत घुटमळला. "हो... म्हणजे ओळखीची आहे."

"बघितलंस?" आप्पा आईकडे वळले. "अजून हातात डिग्री नाही, तर परक्या मुलखात ही तऱ्हा. गावात दवाखाना टाकल्यावर काय होईल!"

आईनं माळेचा तुकडा तोडला आणि चघळत डोंगराकडे बघत राहिली. 

सिघनाघी हे जॉर्जियातलं गाव. काखेती नावाच्या द्राक्षांच्या मुलखात, उंच कड्यावर वसलेलं. लाल कौलांची घरं, लाकडी नक्षीचे सज्जे, गावाभोवती दगडी तट, आणि तटाखाली नजर पोचेल तिथवर द्राक्षमळे. त्या मळ्यांच्या पार पलीकडे बर्फाचे डोंगर. ऊन असं लख्ख की डोळे बारीक करूनच बघावं लागे. आम्ही शेटे, बार्शीचे. आप्पांचं औषधाचं दुकान. प्रणीत माझ्याहून लहान, तिबिलिसीला एमबीबीएसच्या पाचव्या वर्षाला. त्याला भेटायला जायचं हा हट्ट आईचा. "त्याचं गाव, त्याचं कॉलेज एकदा डोळ्यांनी बघा तरी," असं ती आप्पांना वर्षभर म्हणत होती. कॉलेज सुट्टीमुळे बंद आहे असं प्रणीतनं विमानतळावरच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी भाड्यानं घेऊन तो आम्हाला थेट काखेतीत घेऊन आला.

तटावर चढताना तो पुढे चालत होता. दर वळणावर थांबून मागे वळायचा आणि हात वर करून म्हणायचा, "या बाजूनं या, सावलीतनं." कुठल्या बुरुजावरून फोटो चांगला येतो, कुठली पायरी निसटते, कुठल्या राजानं हा तट बांधला, शत्रू कुठून यायचे, सगळं त्याला तोंडपाठ. आप्पा प्रत्येक गोष्ट परंड्याच्या किल्ल्याशी ताडून बघत होते.

"परंड्याला तोफा आहेत. इथं तोफा कुठायत?"

"तोफा नव्हत्या आप्पा. इथं लढाई झालीच नाही फारशी. लोकांना आत घ्यायला बांधलेला तट. एकेका बुरुजाला एकेका खेड्याचं नाव आहे. हल्ला झाला की त्या खेड्याची माणसं त्या बुरुजात."

"तुला रे हे कसं सगळं ठाऊक?"

"कॅम्प असतात ना आमचे. खेड्यापाड्यांत."

"शिकायला जीव लावलाय पोरानं," आप्पा मला म्हणाले.

मी मान हलवली. पण मला आतल्या आत काहीतरी खटकायला लागलं होतं. प्रणीत घरी कधी सलग पाच वाक्यं बोलायचा नाही. जेवताना मान खाली. इथे तो उड्या मारत होता, हसत होता. त्याचा आवाजसुद्धा वेगळा लागत होता. मला त्याचा हेवा वाटला, हे मी कबूल करते, पण खटकलं ते वेगळ्याच ठिकाणी.

दुपारच्या आधी आम्ही बोदबेला गेलो. तिथे जुना मठ आहे, आणि मठाखाली दरीत एक पवित्र झरा. झऱ्याला उतरायला झाडीतून पायऱ्या आहेत, पुष्कळ आहेत. उतरलो, पाणी प्यालो. वर येताना मध्यावर आईला घेरी आली. ती कठड्याला धरून खालीच बसली. चेहरा पांढराफटक.

"प्रणीत, बघ रे हिला!" आप्पा घाबरले.

प्रणीत पाण्याची बाटली हातात घेऊन नुसता उभा.

"अरे, नाडी बघ की!"

त्यानं वाकून आईचं मनगट धरलं. अंगठ्यानं. अंगठ्यानं नाडी बघत नाहीत. अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते. मी औषधाच्या दुकानात बसणारी बाई, डी.फार्म. झालेली, आणि हे मला ठाऊक होतं. पाचव्या वर्षाच्या मुलाला ठाऊक नव्हतं.

मी त्याला बाजूला सारलं. आईला सावलीत आडवं केलं, पाय पिशवीवर उंच ठेवले, पर्समधली ओआरएसची पुडी बाटलीत घालून घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. प्रणीत माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्यानं नजर खाली घातली.

"घाबरला पोरगा," आप्पा म्हणाले. "आपल्याच माणसाला तपासताना मोठमोठ्या डॉक्टरांचे हात कापतात."

जेवण झुराबकडे होतं. झुराब म्हणजे प्रणीतच्या ओळखीचा म्हातारा, त्याचा गावाच्या टोकाला द्राक्षमळा आणि पाहुण्यांसाठी चार खोल्यांचं घर. अंगणावर वेलीचा मांडव, घड डोक्याला लागतील इतके खाली आलेले. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मोठमोठे रांजण, त्यांत दारू मुरत ठेवलेली. आम्ही लिंगायत, दारू-मांसाला शिवत नाही, हे प्रणीतनं आधीच सांगून ठेवलं होतं. झुराबच्या बायकोनं, मनानानं, वांग्यात अक्रोडाचं वाटण भरून केलं होतं, घेवड्याची उसळ होती, चीज भरलेली गरम भाकरी होती. आप्पांसाठी ताज्या द्राक्षांचा रस. आप्पा दोनदा मागून प्याले. इतके खुशीत मी त्यांना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

तिथली रीत अशी की जेवताना घरधन्यानं उभं राहून पेला उंचवायचा आणि कुणाच्या तरी नावानं चार शब्द बोलायचे. झुराब उभा राहिला. एक हात त्यानं प्रणीतच्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ बोलला. शेवटी "गाउमार्जोस!" म्हणून त्यानं पेला रिकामा केला.

"काय म्हणाले?" आप्पांनी विचारलं.

प्रणीत हसला. "म्हणाले, तुमचा मुलगा मोठा डॉक्टर होईल. पुष्कळांचे जीव वाचवेल."

आप्पांनी डोळे पुसले. हात जोडून झुराबला नमस्कार केला.

माझ्या शेजारी झुराबची विधवा सून बसली होती, तामुना. ती तिबिलिसीला हॉटेलात नोकरी करायची, तिचं इंग्रजी चांगलं होतं. तीही डोळे पुसत होती. माझ्याकडे झुकून म्हणाली, "खरंच आहे बाबांचं. तुझा भाऊ आला नसता तर हे घर विकावं लागलं असतं. पाहुणे सगळे तोच आणतो. सगळ्या काखेतीत त्याच्यासारखा गाईड नाही."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "गाईड?"

"हो ना. आता पुढल्या हंगामापासून तो बाबांचा भागीदार होतोय. बाबा तेच म्हणाले आत्ता. म्हणाले, मला मुलगा परत मिळाला."

"आणि त्याचं कॉलेज?"

तामुनाचा घास हातातच राहिला. "कॉलेज तर त्यानं केव्हाच सोडलं. दुसऱ्या वर्षानंतर." मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "तुम्हाला सांगितलं होतं ना त्यानं?"

कानात गरम हवा भरल्यासारखं झालं. समोर आप्पा प्रणीतला वांगं वाढत होते. "खा रे, रात्र रात्र जागून वाळलायस."

झुराब पुन्हा उठला. यावेळी पेला आई-आप्पांच्या नावाचा होता. तो आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत बोलला. बोलणं संपलं तसा प्रणीत घसा साफ करून म्हणाला, "म्हणतात की अशा डॉक्टर मुलाच्या आईवडिलांना..."

"थांब," मी म्हणाले. "मी सांगते ते काय म्हणतात ते."

मी उभी राहिले. टेबलाखालून आईनं माझं मनगट पकडलं. घट्ट. नखं रुतली.

"वृषा, खाली बस."

त्या पकडीतून मला कळलं. तिनं 'काय झालं' असं विचारलं नव्हतं. 'कशाबद्दल बोलतेस' असंही नाही. खाली बस, एवढंच.

मी हात सोडवून घेतला. "आप्पा, हे म्हणतायत की तुमचा मुलगा इथला सगळ्यात चांगला गाईड आहे. लोकांना किल्ले दाखवतो, मठ दाखवतो, या मांडवाखाली आणून जेवायला बसवतो. डॉक्टर वगैरे काही नाही. दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलंय त्यानं."

आप्पा हसले. खरंच हसले, मी चेष्टा करतेय असं वाटून. मग त्यांनी प्रणीतकडे बघितलं. प्रणीतची मान खाली गेली होती, घरी जेवताना असायची तशी.

"प्रणीत?"

"आप्पा, मी सांगणारच होतो. याच ट्रिपमध्ये. आज संध्याकाळी..."

"शिवा, शिवा," आप्पा म्हणाले आणि पेला खाली ठेवला.

झुराब अजून पेला उंचावून उभा होता. त्याला वाटलं, कौतुकानं सगळे गप्प झालेत. तामुनानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा तो मटकन खाली बसला. मनाना धावत पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि कुणाला द्यावा ते न कळून तशीच उभी राहिली.

मी वाट बघत होते. आता आप्पा ओरडतील. दुकानात एखादी गोळी चुकीच्या खणात गेली तरी मला चार गिऱ्हाइकांसमोर फाडून खाणारे आप्पा. आता याची पाळी. खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते.

आप्पा माझ्याकडे वळले.

"तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

"काय?"

"परक्या माणसांच्या दारात! जेवणाच्या ताटावर! लाज नाही वाटली भावाची अब्रू काढायला?"

"अब्रू मी काढली?"

"मग कुणी काढली? पोरगं सांगणारच होतं म्हणतंय ना! तुला घाई कसली झाली होती?"

खुर्ची सारून मी निघाले आणि अंगणाच्या कडेला, जिथे मळा सुरू होत होता, तिथे जाऊन उभी राहिले. मागून आई आली.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हळू बोल."

"कधीपासून?"

आईनं पदर तोंडावर घेतला. "सुरुवातीपासून. मुडदे बघून त्याला झोप लागायची नाही गं. रडायचा फोनवर. जीवाचं काही बरंवाईट करून घेईल अशी भीती वाटली मला. मीच म्हटलं, सोड. आप्पांना मी वेळ बघून सांगते. वेळच आली नाही. म्हणून इथं आणलं त्यांना. त्याचं बरं चाललंय हे डोळ्यांनी बघितलं की राग कमी होईल असं वाटलं."

"बरोबरच वाटलं तुला. राग सगळा माझ्यावर निघाला."

"यांनी दिलेली फी पण मी पाठवली नाही मग. पैसे कुठं गेले नाहीत, बँकेत तसेच आहेत." हे ती अशा सुरात म्हणाली, जणू त्यानं माझं समाधान होईल.

पण मी ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचं स्वयंपाकघर उभं राहिलं. मी बारावीला प्रणीतपेक्षा कितीतरी जास्त मार्क काढले होते. पुण्याला बी.फार्म.ला नंबर लागला होता. आप्पा म्हणाले, दुकानाला फार्मासिस्ट लागतो, इथंच डी.फार्म. कर. केलं. मग डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो म्हणून मी पुन्हा विचारलं. एकदा नाही, लागोपाठ दोन वर्षं विचारलं. आप्पांना नव्हे, आईलाच, त्या स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत असताना. आणि दोन्ही वेळा ती म्हणाली होती, "प्रणीतचं होऊ दे, मग तुझं बघू."

"आई, मी विचारलं तेव्हा तो कॉलेजात नव्हताच."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"प्रणीतचं काय व्हायचं होतं मग? कशासाठी थांबवलंस मला?"

"तुला सोडलं असतं तर यांनी विचारलं असतं, पैसे कुठले आले. सगळं बाहेर पडलं असतं."

तिनं खरं सांगितलं, एवढंच तिच्या बाजूनं म्हणता येईल. मी तिथून चालायला लागले. कुठे ते ठाऊक नव्हतं. उन्हात, दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या ओळी, तोडणीची माणसं करंड्या डोक्यावर घेऊन गाणी म्हणत चाललेली. एकीनं मला थांबवून हसत हसत द्राक्षांचा घड दिला. मी तो घेतला आणि पुढच्या वळणावर बांधावर आपटला. असा राग मला आधी कधी आला नव्हता, नंतरही नाही. त्या मुलखाचं सौंदर्यसुद्धा मला सहन होईना. एवढं ऊन, एवढी हिरवळ, आणि माझा भाऊ त्यात सुखानं राहतोय, माझ्या वाटणीचं राहतोय.

प्रणीत मागून धापा टाकत आला. "ताई, थांब. ताई, माझं ऐक."

"तुला माहीत होतं, मी पुण्याला जायचं म्हणत होते ते?"

तो पायानं बांधावरची माती उकरायला लागला.

"माहीत होतं की नाही?"

"आई म्हणाली होती एकदा."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? मी आधीच एवढा अडकलेलो..."

मी त्याच्या थोबाडीत मारली. लहानपणी मारली होती, त्यानंतर पहिल्यांदाच. तो गालावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मार अजून." मी मारली नाही. तो तसं म्हणाला आणि माझा हातच खाली आला, आणि त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेलावीला गेलो. ठरलं होतं म्हणून गेलो. गावाच्या मधोमध एक चिनार आहे, शेकडो वर्षांचा. बुंधा एवढा की दहा माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होणार नाही. त्याच्या सावलीत बाकं आहेत. आप्पा एका बाकावर बसले, आम्हाला बसायला सांगितलं. रात्रभर विचार करून त्यांनी मार्ग काढला होता. चेहरा शांत होता.

"झालं ते झालं. गावात कुणाला कळायची गरज नाही. इथली हवा मानवली नाही, असं सांगू. प्रणीत आमच्याबरोबर परत येईल. तिथं डी.फार्म. करेल. मग दुकान त्याच्या नावावर. तोवर वृषाली बघतेच आहे." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं, "तू शिकव त्याला. तुला सगळं येतंय. त्याचं बस्तान बसलं की तुझंही उरकून टाकू. आता घाई करायला हवी तुझी."

प्रणीत म्हणाला, "आप्पा, मी येणार नाही." पण तिकडे आप्पांनी लक्षच दिलं नाही. पोरगं थोडं ताणणार, मग येणार, असा त्यांचा चेहरा.

"आप्पा," मी म्हणाले, "मीही नाही."

"तू नाही म्हणजे?"

"दुकानाच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून नाव माझं आहे. गेल्या गेल्या मी ते काढून घेतेय. दुसरा माणूस बघा. मी पुण्याला जाणार."

"वेडबिड लागलंय का? दुकान बंद पडेल."

"पडू दे."

"कुणाच्या जिवावर जाणार पुण्याला?"

"कुणाच्याही नाही. पुण्यात औषधाची दुकानं काही कमी नाहीत. काम करेन, शिकेन."

"आणि आम्ही?"

"तुम्हाला मुलगा आहे ना."

आप्पांचा आवाज चढला. झाडाखाली फोटो काढणारी माणसं वळून बघायला लागली. वाढवलं कशाला, शिकवलं कशाला, हेच दिवस दाखवायला का, सगळं. आदल्या दिवशी प्रणीतच्या वाट्याला यायचं होतं ते सगळं मला मिळालं. मी उभीच होते. मध्येच आई म्हणाली, "जाऊ द्या हो तिला. जा तू. मी देते परवानगी."

"आई, तुझी परवानगी नको मला," मी म्हणाले. "तुझ्याकडे दोनदा मागून झाली."

आईनं तोंड फिरवलं. मला तिची दया आली नाही. नंतर आली, पुष्कळ नंतर, पण त्या सकाळी नाही.

परतल्यावर मी बोलले तसं केलं. पुण्यात एका दुकानात काउंटरवर उभी राहिले, बी.फार्म. केलं, पुढे एम.फार्म. आता एका कॉलेजात शिकवते. आप्पांनी पगारी फार्मासिस्ट ठेवला. दुकान बंद पडलं नाही. प्रणीत तिथेच राहिला. वर्ष सरायच्या आत आप्पांचं आणि त्याचं बोलणं सुरू झालं. माझ्याशी ते चार वर्षं बोलले नाहीत. माझ्या लग्नालाही आले नाहीत. आई एकटी आली. प्रणीत आता झुराबच्या घराचा मालक आहे, तामुनाच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलंय. आप्पा दर वर्षी तोडणीच्या हंगामात महिनाभर तिकडे जातात, मांडवाखाली बसून रस पितात आणि बार्शीत भेटेल त्याला फोटो दाखवतात. मुलानं परदेशात केवढा व्यवसाय उभा केलाय, असं सांगतात.

परवा त्यांचा फोन आला. वयानं आवाज बारीक झालाय.

"यंदा तू पण चल की गं. जावयांना घेऊन. सगळे मिळून जाऊ. काय सुंदर गाव आहे ते, तुला सांगतो..."

"आप्पा," मी म्हणाले, "मी पाहिलंय ते गाव."

मग ते म्हणाले, "हो, खरंच की. तू होतीस नाही का तेव्हा."